पूर येण्याआधी: तान्ह्या बाळाच्या घरातला सात दिवसांचा साठा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला तेव्हा पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. सांगली आणि कोल्हापुरात पाणी नसलेल्या गल्ल्यांमध्येही दूध, डायपर, औषधं मिळेनात, कारण माल आणणारी गाडीच पोहोचत नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वेगळं घडलं. वाशिष्ठीचं पाणी रातोरात चढलं आणि लोकांना हाताला लागेल ते घेऊन वरचा मजला गाठावा लागला.

बाळाच्या घराला या दोन्हींची तयारी लागते. पहिल्यासाठी सात दिवसांचा घरसाठा, दुसऱ्यासाठी पाठीवर टाकून निघता येईल अशी दोन दिवसांची सॅक. एकच मोठी पेटी भरून ठेवणारे अडकतात, कारण ती पाण्यातून उचलता येत नाही आणि ऐनवेळी तिच्यातून नेमकं काय काढायचं हे सुचत नाही.

सामानाची यादी आम्ही पाण्यापासून सुरू करतो. पुरात नळ आधी बंद होतो. नदीकाठचे जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी) आणि पंप बुडतात, वीज तोडली जाते आणि घराभोवती पाणी असून प्यायला पाणी राहत नाही. बाटली उकळणं, लंगोट धुणं, ओआरएस कालवणं, हात धुणं हे सगळं स्वच्छ पाण्यावर चालतं. म्हणून प्रत्येक वस्तू निवडताना विचारायचं: हिला दिवसाला किती पाणी लागेल?

पाण्याचा हिशेब

प्यायला मोठ्या माणसाला दिवसाला ३ लिटर धरा, अंगावर पाजणाऱ्या आईला ४ लिटर. सहा महिन्यांच्या आतलं बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तर त्याला वेगळं पाणी लागत नाही, उकाड्यातही नाही. दोन चमचे पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांतलं काहीही पुराच्या दिवसांत नको. गुटी उगाळायची सहाण आणि वापरलेलं पाणी, दोन्हींतून जुलाब सुरू होऊ शकतात. घरातल्या आजींशी हे पावसाळ्याआधीच बोलून ठेवावं, पाणी दारात आल्यावर वाद घालायला वेळ नसतो.

डब्याच्या दुधावरच्या बाळाला पिण्यासाठी दिवसाला साधारण १ लिटर आणि भांडी धुण्या-उकळण्याला ३ ते ४ लिटर लागतं. कापडी लंगोट धुवायचे तर आणखी १० ते १५ लिटर. म्हणून एरवी फक्त कापडी लंगोट वापरणाऱ्या घरांनीही या एका आठवड्यापुरते तयार डायपर ठेवावेत. पावसात कापड वाळत नाही, ओलसर लंगोटाने पुरळ उठतं आणि घरातलं थोडं पाणी धुण्यातच संपतं.

पिंपं भरायची वेळ नदीच्या पातळीवरून ठरवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. इशारा पातळी गाठली की नळाला येईल तेवढं पाणी भरून घ्या, धोका पातळीची वाट पाहू नका. पिण्याचं पाणी २० लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये आणि वरच्या मजल्यावर ठेवा. भंगारातून आणलेल्या निळ्या बॅरलमध्ये आधी रसायन होतं की काय हे कळत नसेल, तर त्यात पिण्याचं पाणी किंवा खाण्याचं काही ठेवू नका. तो डायपर-कपड्यांसाठीही घेऊ नये, रसायनाचा वास कापडात उतरतो.

पाणी शुद्ध करायचा क्रम असा. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि मगच क्लोरीन टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं. गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर पाहा, कारण बाजारात वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या असतात. अर्धा तास थांबा. त्यानंतर पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. गॅस चालू असेल तर बाळासाठी उकळलेलंच पाणी चांगलं: खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवायचं आणि झाकूनच गार करायचं.

दूध

आई पाजत असेल तर बाळाच्या दुधाची सोय झालेली आहे. साठा करायचा तो आईच्या खाण्यापिण्याचा: पाणी, शेंगदाणा-गुळाचे लाडू, भाजलेले फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या. भीती आणि दगदगीने दूध आटतं असा समज आहे. ताणामुळे पान्हा फुटायला उशीर लागू शकतो, पण दूध बनणं थांबत नाही. बाळाला वारंवार अंगावर घेतलं की पान्हा येतो. आडोसा करायला एक मोठी ओढणी किंवा जुनी सुती साडी सॅकमध्ये असू द्या. निवारा केंद्रात शंभर माणसांत बसून पाजायला बाई संकोचते आणि तिथूनच वरच्या दुधाची सुरुवात होते. विजेवर चालणाऱ्या ब्रेस्ट पंपाचा वीज गेल्यावर उपयोग नाही. हाताने दूध काढायला आधीच शिकून घ्या, आशाताई किंवा दवाखान्यातल्या सिस्टर दाखवतात. काढलेलं दूध फ्रीजशिवाय ४ तासांच्या आत वापरा.

मदतीच्या ट्रकमधून दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या येतात. बालदुग्ध पर्यायांचं असं मोफत वाटप आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने रोखलेलं आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. पाजणाऱ्या आईने चार दिवस डबा दिला की बाळ कमी ओढतं, तिचं दूध खरंच कमी होतं आणि मागे उरतो अशुद्ध पाण्यात कालवलेला डबा. पाजत असाल तर तो घेऊ नका.

ज्या बाळाला डबाच लागतो त्याचा हिशेब मात्र काटेकोर हवा. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली दूध धरा. ६ किलोच्या बाळाला ९०० मिली. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, म्हणजे दिवसाला ३० चमचे, सुमारे १३० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवस पुरतो, म्हणून सात दिवसांना तीन डबे. बाळ घेतं तोच प्रकार आणि तोच टप्पा आणा, अडचणीच्या दिवसांत नव्या पावडरीचा प्रयोग नको. ४०० ग्रॅमचे तीन डबे एका मोठ्या डब्यापेक्षा बरे, कारण दमट हवेत उघडलेल्या पावडरीचे गोळे होतात.

कालवायची पद्धत:

१. हात साबणाने धुवा. भांडी साबणाने घासून, पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात १० मिनिटं उकळा.
२. पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा किंवा लगेच थर्मासमध्ये भरा. कालवताना ते किमान ७० अंश गरम हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातले जंतू त्या उष्णतेनेच मरतात. कोमट पाण्यात कालवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.
३. आधी पाणी मोजून ओता, मग चमचे सपाट करून टाका.
४. भांडं गार पाण्याच्या वाडग्यात धरून दूध कोमट करा. बाहेरचं पाणी आत जाता कामा नये. मनगटावर थेंब टाकून पाहा.
५. लगेच पाजा. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. बाळाने उष्टं केलेलं तर पुढच्या वेळेला ठेवूच नका.

डबा पुरावा म्हणून दूध पातळ करायचा मोह होतो. त्याने बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेही येऊ शकतात. घट्ट केलं तर शरीरातलं पाणी कमी पडतं. पुरवण्याचा उपाय एकच, आधीच पुरेसं आणणं.

पुरात बाटली टाळा. बूच (निपल) आणि चकतीच्या खाचेत दूध अडकतं आणि थोड्या पाण्यात ते निघत नाही. स्टीलचं बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) किंवा वाटी-चमचा काही मिनिटांत घासून उकळता येतं. मात्र बाळाला त्याची सवय मे महिन्यातच लावायला हवी, भुकेल्या बाळाला नवं भांडं चालत नाही. एक लिटरचा चांगला स्टीलचा थर्मास खूप कामाचा. तो आधी तपासा: उकळतं पाणी भरा, चार तासांनी उघडा आणि स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजा. ७० अंशांच्या वर असेल तर रात्री प्रत्येक वेळी गॅस पेटवावा लागणार नाही.

डेअरी व्हाइटनर, कंडेन्स्ड मिल्क, चहाची दूध पावडर यांतलं काहीही तान्ह्या बाळाला चालत नाही. सहा महिन्यांवरच्या, डब्यावर असलेल्या बाळासाठी २०० मिलीचे टेट्रापॅकमधले साधे दूध जवळ असावे: बिनसाखरेचे, पूर्ण साईचे, फ्रीज न लागणारे. फोडलेलं पाकीट त्याच वेळी संपवायचं.

सहा महिन्यांवरच्या बाळाचं जेवण

खिमटाचं पीठ हा सर्वांत भरवशाचा साठा. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, कडक उन्हात वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून बारीक दळा. गार झाल्यावरच भरा. गरम पीठ बंद केलं की आतून घाम सुटतो आणि बुरशी येते. एका वेळच्या जेवणाला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं. दिवसाला तीन-चार वेळा म्हटलं तर आठवड्याला पाऊण किलो. हे एका बरणीत न ठेवता रोजची एक अशा सात पिशव्या करा, एक ओली झाली तरी सहा राहतील. नाचणीचं सत्त्व थोडं बरोबर ठेवा. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहारही या हिशेबात धरा, पण पाकिटावरची मुदत पाहून. साजूक तुपाची छोटी बाटली असली की त्याच पिठात जास्त ताकद मिळते.

वर्षाच्या आत मध नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. निवाऱ्यात गर्दीत ही पाकिटं सहज वाटली जातात आणि घशात दाणा अडकला तर तिथे मदत मिळणं कठीण.

डायपर, पुसणं, पुरळ

नवजात बाळाला दिवसाला ८ ते १०, सहा महिन्यांच्याला ६ ते ८, वर्षाच्याला ५ ते ६ डायपर लागतात. जुलाब लागले तर हा आकडा दीडपट होतो. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाला सात दिवसांना ६० धरा. माप पाकिटावरच्या किलोवर बघा आणि बाळ त्या मापाच्या वरच्या टोकाला आलं असेल तर पुढचं माप घ्या. थोडा मोठा डायपर गळला तरी चालतो, लहान मात्र लावताच येत नाही. जूनमध्ये आणलेलं माप ऑगस्टमध्ये बसत नाही ही नेहमीची गोष्ट, म्हणून दर महिन्याला वजन झाल्यावर पेटी उघडून बघायची. नंतर साठा न वापरता राहिला तर दुकानदार बहुधा न फोडलेलं पाकीट बदलून देतात, घेतानाच विचारून ठेवा.

७२ च्या ओल्या वाइप्सची दोन पाकिटं पुरतात. जुनी पाकिटं आतून सुकतात, दाबून पाहा. बारा सुती लंगोट आणि जुन्या मऊ धोतराचे फाडलेले चौकोन तर हवेतच, ते पुसणं, गुंडाळणं, आईच्या अंगाखाली घालणं सगळ्याला चालतात. झिंक ऑक्साइडचं मलम एक ट्यूब. दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास बाळाला उघडं ठेवा, डागावर खोबरेल तेल पुरतं. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते आणि ओल्या घडीत गोळा होऊन त्वचा घासते.

वापरलेला डायपर गुंडाळून, कागदात, काळ्या पिशवीत, झाकणाच्या बादलीत. संडासात किंवा पुराच्या पाण्यात टाकू नका, गटार तुंबलं की तेच पाणी उलटं घरात येतं. संडासच उलटला तर दुसरी झाकणाची बादली, आत दुहेरी काळी पिशवी आणि प्रत्येक वेळी वरून राख किंवा लाकडाचा भुसा. वीस-पंचवीस मोठ्या काळ्या पिशव्या ठेवा, लोक नेमक्या याच विसरतात.

घरातल्या बायकांसाठी

पाळीच्या एका फेरीला २० ते २५ पॅड. पाळी आत्ताच होऊन गेली म्हणून हा साठा सोडू नका, धावपळीत ती पुढेमागे होते. कापडी पॅड उन्हाशिवाय नीट वाळत नाहीत आणि कप उकळायला स्वच्छ पाणी लागतं, त्यामुळे सवय असली तरी या दिवसांत वापरून टाकायचे पॅड सोयीचे. बाळंतिणीचं गणित वेगळं आहे. पहिल्या आठवड्यात दिवसाला ८ ते १० मोठे पॅड लागू शकतात आणि स्राव सहा आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तासाभरात एक पॅड भिजून जात असेल, स्रावाला घाण वास असेल किंवा ताप आला तर थांबू नये, १०८ ला फोन करावा. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला इशारा पातळीलाच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवावं, बोटीत प्रसूतीची वेळ आणू नये. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी आहे, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

हातांसाठी साबणाच्या वड्या आठ-दहा. त्या लवकर संपत नाहीत, सांडत नाहीत. सॅनिटायझर चिखलाच्या हातांवर काम करत नाही. तो शेगडी आणि मेणबत्तीपासून लांब आणि रांगत्या बाळाच्या आवाक्याबाहेर हवा.

औषधं

ओआरएसची दहा पाकिटं. मोठं पाकीट १ लिटरचं, काही लहान पाकिटं २०० मिलीची असतात. अर्धं पाकीट अंदाजाने कालवू नका. मोजायला एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर खूण करून ठेवा. कालवलेलं २४ तासांत संपवा. जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला दर वेळी पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, जास्त साखरेने जुलाब वाढतात. सोबत झिंकच्या गोळ्या: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, त्यावरच्यांना २० मिग्रॅ, रोज एक वेळ, जुलाब थांबले तरी १४ दिवस. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

पॅरासिटामॉलमध्ये जीवघेणा घोळ होऊ शकतो. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिग्रॅ औषध असतं. सिरपमध्ये बहुधा तेवढंच किंवा थोडं जास्त ५ मिलीत, काहींत २५० मिग्रॅपर्यंत. ड्रॉप्स चमच्याने दिले की मात्रा चार-पाच पटीपर्यंत जाते. घरात एकच प्रकार ठेवा. डॉक्टरांकडून बाळाच्या आजच्या वजनाची मात्रा मिलीमध्ये घेऊन बाटलीवर मार्करने लिहा, तारखेसह. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, डॉक्टर गाठा.

बाळासाठी घडीची मच्छरदाणी, थर्मामीटर, नखं कापायची कात्री. बंद खोलीत कॉइल किंवा धुरी नको.

कुठे आणि कशात ठेवायचं

माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. तुमचं घर नवं असेल तर शेजाऱ्यांना ती खूण विचारा. पुरात उंदीरही वर चढतात आणि खिमटाची पिशवी एका रात्रीत कुरतडतात, म्हणून खाण्याचं सगळं पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डायपर-कपडे जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून.

बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या कधीही टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाला या गोळ्यांच्या वासाच्या कपड्यांनीही रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि कोणत्या बाळाला ती आहे हे बाहेरून दिसत नाही. वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. फिनेल, ॲसिड, रॉकेल या साठ्याजवळ नको, थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच नको.

सॅक दाराजवळच्या खुंटीवर. एका खांद्यावरची पिशवी नव्हे, दोन पट्ट्यांची सॅक, कारण बोटीत चढताना एक हात बाळाला आणि एक धरायला लागतो. वजन ६-७ किलोच्या वर नको. तिच्यात २० डायपर, एक वाइप्स, सहा लंगोट, तीन जोड कपडे, दुपटं, दोन दिवसांचं दूध किंवा पीठ, बोंडलं, थर्मास, २ लिटर पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस चार, पॅरासिटामॉल, साबण, पॅड दहा, काळ्या पिशव्या, टॉर्च, ओढणी. बाळाचं माता व बाल संरक्षण कार्ड दुहेरी झिपच्या पिशवीत आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये. कार्ड असलं की पुढचा डोस कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येतो.

भरायची वेळ मे महिना, म्हणजे ७ जूनच्या आसपास मृग लागेपर्यंत सॅक खुंटीला असेल. दिवाळीच्या सफाईत साठा उतरवून वापरायला काढा.

पाणी ओसरल्यावर

पुराचं पाणी लागलेला दुधाचा डबा, पीठ, डायपर, पॅड, औषधाची बाटली टाकून द्या, सील असलं तरी. बाटल्यांची बुचं आणि कापसाची खेळणी वाचवायच्या मागे लागू नका. प्लास्टिकची आणि स्टीलची खेळणी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढा. फरशी आधी चिखल काढून साबणाने धुवायची, मग १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून पुसायची, १० मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा. जुन्या, ओल्या हवेत राहिलेल्या टीसीएलची ताकद उतरलेली असते. ॲसिड किंवा संडास साफ करायच्या द्रवात ती मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हे काम चालू असेपर्यंत बाळ दुसऱ्या घरी असू द्या आणि खोलीचा वास जाऊन फरशी पूर्ण वाळल्यावरच त्याला खाली सोडा.